तुसाची वाट

सागाचं पान पडताना आवाज होतो. मोठं, वाळलेलं, कडा वळलेलं ते पान आधी एका फांदीला आपटतं, मग दुसरीला, आणि खाली आधीच्या पानांवर उतरतं तेव्हा कुणीतरी जपून पाऊल टाकल्यासारखं वाटतं. माघ संपत आला की टोकावड्याच्या वरच्या जंगलात दिवसभर अशी पावलं वाजत राहतात. वळून पाहिलं तर कुणी नसतं.

गेल्या आठवड्यापासून ती पुन्हा वाजू लागली आहेत. त्यांच्यासोबत दुसरा एक आवाजही आहे, खराट्याचा. वरच्या पाड्याच्या पहिल्या घरातली हिराबाई उजाडताच जाळरेषा झाडायला लागते. हे काम तिला कुणी सांगितलेलं नाही. ती झाडते, मागे वळून पाहते, तोवर पुन्हा चार पानं पडलेली असतात. ती परत जाऊन ती चार पानं उचलते.

जाळरेषा म्हणजे जंगलात मुद्दाम मोकळा ठेवलेला पट्टा. बैलगाडी सहज जाईल एवढा रुंद. उन्हाळ्याच्या आधी त्यावरचं गवत कापतात, पाला जाळून टाकतात आणि खालचा तांबडा मुरूम उघडा पाडतात. वणवा चालत आलाच, तर त्याला पुढे खायला काही मिळू नये, एवढंच तिचं काम. आमच्या गावाच्या डोक्यावर ती डोंगराच्या कुशीतून जाते. वरच्या अंगाला जंगल, खालच्या अंगाला पाडा. पाड्याच्या पहिल्या घराच्या कुडाच्या भिंती शेणाने सारवलेल्या. बाजूला पेंढ्याची उडवी, पडवीत दोन शेळ्या. मी सांगतो आहे त्या वर्षी पडवीत एक बाजही होती आणि बाजेवर हिराबाईची सासू. कमरेखालचं अंग गेल्यापासून ती स्वतःच्या पायाने उठली नव्हती.

त्याच वर्षी रेषेवर माणसं चालायला लागली.

तोवर चालणं ही इथे ठरवून करायची गोष्ट नव्हती. शेतावर जायचं, लाकडाला जायचं, एसटी चुकली तर पुढच्या फाट्यापर्यंत जायचं. त्याला कुणी चालणं म्हणत नसे. मग शेतात ट्रॅक्टर आले, दारात दुचाकी आल्या, कंपनीची बस नाक्यावरून माणसं उचलायला लागली. वंदनाताई गावची आशाताई. रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन ती घरोघर जायची. दंडाला पट्टा बांधण्याआधी तोंडातली तंबाखू थुंकायला सांगायची आणि यंत्रावरचा आकडा पाहून पुन्हा एकदा पट्टा आवळायची. साखर, दाब, सांधे. म्हाताऱ्यांना होतं ते आता चाळिशीतल्यांना दिसत होतं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी प्रत्येकाला एकच औषध फुकट सांगितलं, चाला.

चालायचं कुठे? मुरबाड–माळशेज रस्त्याच्या कडेने पहिले काही महिने गेले. शनिवार-रविवारी घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांना रस्त्याची कड दिसत नाही. वैशाखऱ्याच्या बाजूने आलेल्या अशाच एका गाडीने वंदनाताईला निसटता धक्का दिला. ती गटारात पडली. गाडी थांबली नाही. तिचा उजवा गुडघा तेव्हापासून जिना उतरताना वाजतो. लोकांना चाला म्हणून सांगणारी बाई चालताना पडली, यावर नाक्यावर विनोद झाले. तिने दुसरी जागा शोधायला घेतली आणि तिला जाळरेषा दिसली. उघडी, सपाट, गाड्या नसलेली.

वनरक्षक तरुण होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चाला की. जंगल तुमचंच आहे. फक्त विडी-काडी नको."

ही अट सगळ्यांनी कसोशीने पाळली. निवृत्त एसटी चालक जनार्दनकाका, ज्यांना सगळा गाव जनू डायव्हर म्हणतो, ते रेषेवर यायच्या आधी विडीचं बंडल आणि काडेपेटी घरी कोनाड्यात ठेवून येत. खिसे उलटे करून दाखवत. म्हणत, "जल्मभर बसून पगार खाल्ला. गाडी चालली, मी नाय चाललो. आता माझी डुटी."

चालणाऱ्यांत मीही होतो. वर्तमानपत्राच्या कचेरीत खुर्चीवर बसून वाढलेलं पोट घेऊन. त्या सकाळी आठवतात त्या आधी वासाने. रात्रभर दवाने भिजलेला मुरूम, कुणाच्या तरी केसांतलं खोबरेल, पाड्यातून येणारा चुलीचा धूर. मग आवाजाने. रबरी चपला, नवे बूट, एखाद्या बाईचे पैंजण. दोन सासवा आणि त्यांच्या सुना एकाच वाटेवर, पण वेगवेगळ्या टोकांना. पायऱ्या चढताना धापा टाकणारी माणसं महिन्याभरात बोलत चालू लागली. ज्या बायका माहेर आणि दवाखाना सोडून कुठे जात नव्हत्या, त्या रोज सकाळी काहीही आणायला न जाता घराबाहेर पडत होत्या. रिकाम्या हाताने चालायला त्यांना आधी लाज वाटली. काही जणी सुरुवातीला कळशी घेऊन येत आणि वाटेच्या टोकाला ठेवून देत.

हिराबाईच्या सासूची बाज रेषेकडे तोंड करून होती. तिच्यासाठी हा रोजचा तमाशा होता. पहिला माणूस दिसला की ती ओरडायची, "आले गो येडे, आले!" प्रत्येकाला तिने नाव ठेवलं होतं. जनार्दनकाका धापा टाकत म्हणून बोकड. वंदनाताई लंगडी कोंबडी.

"रोज येता, रोज जाता," ती वंदनाताईला विचारायची. "हरवला काय गो तुमचा?"

"साखर हरवायचीय, आजी."

"मंग माझ्याकडं टाक. माझ्या चहात नसते."

वंदनाताई हसायची आणि बाजेशी बसून तिच्या पायांना तेल चोळून द्यायची. त्या पायांत काही उरलं नव्हतं. म्हातारी त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाचे असल्यासारखी बघायची.

एक जागा तीन नावांनी ओळखली जात होती. वनखात्यासाठी रेषा, पाड्यासाठी गुरांची वाट, चालणाऱ्यांसाठी ट्रॅक. सरकारी जमिनीचं हे एक वैशिष्ट्य आहे. तिथे कुणी कुणाला हटकत नाही, त्यामुळे प्रत्येकाला ती आपल्या कामापुरती दिसते. दुसऱ्याचं काम तिथे चालू आहे, हे त्या कामात खंड पडेपर्यंत कळत नाही.

मुरमाच्या खड्यांनी वंदनाताईचा गुडघा सुजायला लागला. इतरांचेही तळवे दुखत होते. भात झोडून झालं होतं, गिरण्या जोरात होत्या, आणि प्रत्येक गिरणीमागे तुसाचे ढीग लागले होते. तूस म्हणजे भातावरचं साल. त्याला गिऱ्हाईक कमी, जागा जास्त लागते. जनार्दनकाकांनी शहापूरच्या बाजूच्या एका गिरणीतून टेम्पो भरून आणला. मग दुसरा. एका रविवारी सगळा गाव घमेली घेऊन रेषेवर जमला. पाड्यासमोरच्या लांब टप्प्यावर तुसाचा वीतभर थर पसरला गेला. वाऱ्याने उडू नये म्हणून वर मुरमाचा पातळ हात दिला, पाणी मारलं, लाकडी धुमसाने ठोकलं. हिराबाई सकाळपासून घमेली उचलत होती. उरलेलं तूस पुढे डागडुजीला लागेल म्हणून तिच्या उडवीच्या कडेला ओतून ठेवलं, आणि वाटेपासून तिथवर सांडलेल्या तुसाची एक पट्टी तशीच राहिली.

त्या दिवशी चौघांनी म्हातारीला बाजेसकट उचलून वाटेवर आणलं. तिने खाली हात सोडून जमीन दाबून पाहिली.

"गादी केलीत गो," ती म्हणाली. "मेल्यावर मला यावरनंच न्या."

"आत्ताच नेऊ का?" जनार्दनकाका म्हणाले. सगळे हसले, म्हातारी सगळ्यांत जास्त.

तूस ज्वाळा करत नाही. हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. थंडीत शेगडीत दाबून भरलेलं तूस निजताना पेटवलं तर सकाळच्या चहाला विस्तव मिळतो. वर राख, आत लाल. हिराबाईने लग्नाआधी कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरी केली होती. लाकडं रचायची, त्यांवर माती लिंपायची, वारा लागू द्यायचा नाही, म्हणजे आग न भडकता आतल्या आत चालत राहते. त्या रविवारी घमेलं उचलणाऱ्या कुणालाही यातलं काही नवीन नव्हतं. पण शेगडी घरात असते आणि भट्टी रानात. ही व्यायामाची जागा होती. तूस आणि माती एकावर एक पडत असताना कुणाला शेगडी आठवली नाही, भट्टीही नाही.

मग पानगळ सुरू झाली, आणि मोहाची वेळ जवळ आली.

मोहाची फुलं पहाटे गळतात. पिवळट, रसाळ, जमिनीवर पडताना टप्प टप्प वाजणारी. पाल्यात पडली तर हाताला लागत नाहीत, म्हणून फुलं धरायच्या आधी झाडाखालचा पाला जाळून जागा स्वच्छ करायची, ही पाड्याची जुनी रीत. झाडाभोवती खराट्याने वाट काढतात, म्हणजे आग बाहेर जात नाही. रेषेला लागून असलेल्या मोहांखाली बायका तीनच बाजू झाडतात. चौथ्या बाजूला रेषा असते. उघडा मुरूम. आग तिथवर येते आणि मरते. हिराबाईच्या आईने तसं केलं, सासूने केलं. तीन बाजू आपल्या, चौथी सरकारची.

त्या वर्षीही हिराबाईने तीन बाजू झाडल्या आणि पाल्याला काडी लावली. आग चौथ्या बाजूला गेली आणि मेली. निदान दिसेनाशी झाली.

धूर होता. पण त्या दिवसांत धूर कुठे नसतो? शेताच्या तुकड्यावर पाला आणि कवळ, म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, पसरून राब भाजण्याचे दिवस. भाताची रोपं चांगली यावीत म्हणून पावसाआधी जमीन भाजायची. टोकावड्यापासून वैशाखऱ्यापर्यंत प्रत्येक खाचराच्या कोपऱ्यातून निळी रेघ वर जात असते. उंबरमाळी स्टेशनात लोकल थांबली तर खिडकीतून समोरचे डोंगर काळ्या पट्ट्यांचे दिसतात. या दिवसांत कपड्यांना, भाकरीला, उशीला धुराचा वास असतो. नाक त्याची नोंद घेणं सोडून देतं.

नंतरच्या सकाळी चालणाऱ्यांच्या लक्षात आलं की वाट काही ठिकाणी उबदार लागते.

ही ऊब सगळ्यांना आवडली. हे लिहून ठेवायला हवं, कारण पुढे कुणीच ते फारसं बोललं नाही. हवेत गारठा होता, दव होतं, आणि मोहाजवळच्या टप्प्यावर आलं की तळव्यांना शेक मिळायचा. कुणी म्हणालं, आदल्या दिवशीचं ऊन तुसात साठतं. कुणी म्हणालं, जमिनीतच गरमी आहे, वज्रेश्वरीला नाही का गरम पाण्याची कुंडं. वंदनाताई त्या टप्प्यावर चपला काढून हातात घ्यायची. गुडघ्याला आराम पडतो म्हणायची. तिचं पाहून बाकीच्या बायकाही अनवाणी चालू लागल्या. तिथे वेग कमी व्हायचा, गप्पा वाढायच्या.

म्हातारी बाजेवरून म्हणाली, "थंडीतल्या शेगडीचा वास येतो गो. बरा वाटतो."

हिराबाईने तिच्या अंगावर गोधडी ओढली.

ती सकाळ इतर सकाळींसारखीच होती. आभाळ स्वच्छ, सागाची पानं वाजत होती. मोहाच्या पुढे वाट किंचित खचल्यासारखी दिसत होती, मुरमाला केसासारख्या चिरा गेल्या होत्या. जनार्दनकाका पुढे होते, वंदनाताई चपला हातात घेऊन मागे. तिने उजवा पाय टाकला आणि तो घोट्यापर्यंत आत गेला.

ती ओरडली नाही. तिने फक्त "काका" अशी हाक मारली, नेहमीच्या आवाजात, जणू काही विचारायचं आहे. काकांनी वळून तिला काखेत धरून ओढलं. पाय वर आला तेव्हा त्याला राख चिकटली होती आणि खालचं भोक आतून लाल होतं. वारा त्या भोकात शिरला. लाल रंग वाटेच्या चिरांमधून दोन्ही बाजूंना सरकताना स्पष्ट दिसला.

तेव्हाच ऊन डोंगरावरून खाली आलं, आणि उन्हाबरोबर वारा उठला. सांडलेल्या पट्टीच्या टोकाला, उडवीच्या कडेला ओतून ठेवलेल्या ढिगाने आधी पांढरा धूर सोडला. मग पेंढ्याने पेट घेतला, एखादा पडदा खालून वर ओढावा तसा.

"म्हातारी!" कुणीतरी ओरडलं.

चालायला आलेली माणसं धावली. आधी उचलली होती तशीच बाज चार बाजूंनी उचलली गेली. जनार्दनकाका एका खुराला होते. हिराबाईने विळ्याने शेळ्यांचे दोर कापले. माघात पाड्याची विहीर तळाला जाते, घागर भरायला वेळ लागतो, त्यामुळे पाण्याचा उपयोग झाला नाही. माणसांनी हिरव्या फांद्या तोडून कडेचं गवत बडवलं, शेजारच्या घराचा मांडव पाडला. आग पहिल्या घराच्या पुढे गेली नाही. पहिलं घर उरलं नाही. कुडाची भिंत आतल्या काठ्यांसकट उभीच जळाली. शेणाचा थर शेवटपर्यंत आपला आकार धरून होता.

बाज खाली शेताच्या बांधावर ठेवली होती. म्हातारी पडल्या पडल्या सगळं पाहत होती. त्या दिवशी तिने कुणाला नाव ठेवलं नाही.

बातमी दोन ओळींची झाली. त्यात वणवा असा शब्द होता. एका घराचं नुकसान, जीवितहानी नाही. वणवा जंगलातून येतो. हा आमच्या पायांखालून आला होता, पण त्यासाठी बातमीत शब्द नव्हता.

वंदनाताईचा पाय बरेच आठवडे बांधलेला होता. पहिल्यांदा पट्टी सोडून ती पाड्यावर गेली तेव्हा हिराबाई नव्या घरासाठी कारवीच्या काठ्या सोलत होती. वंदनाताई शेजारी बसून सोललेल्या काठ्या रचू लागली. मग हिराबाईने काठी सोलता सोलताच सांगितलं, "मी तीनच बाजू झाडल्या, ताय."

"चौथी आमी झाकली," वंदनाताई म्हणाली.

हिराबाईने दुसरी काठी घेतली. एवढंच बोलणं झालं. त्यात आरोप नव्हता आणि माफीही नव्हती. घर तिने त्याच जागी बांधलं. पाड्यातल्या लोकांनी खाली सरकायला सांगितलं, तिने नकार दिला. म्हणाली, मी सरकले तर खालचं घर पहिलं होईल, कुणाला तरी पहिलं व्हावंच लागेल.

म्हातारी त्या पावसाळ्यात गेली. धुराचा संबंध नाही, वय झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तिला त्या वाटेवरूनच नेलं. तोवर तूस खरवडून काढलं होतं, जमीन काळी होती, पायाखाली चिखल झाला होता. खांदा देणाऱ्यांत चालणारेच जास्त होते. चालताना कुणीतरी लयीत पावलं टाकू लागलं, आणि लगेच थांबलं.

पुढे काही महिने रेषेवर कुणी फिरकलं नाही. मग वंदनाताईने पुन्हा यंत्र बाहेर काढलं, पट्टे बांधले, आकडे पाहिले. आकडे परत वर गेले होते. रस्त्यावर गाड्याही तशाच होत्या. माणसं एकेक करून परत आली, कारण चालायला दुसरी जागा नव्हती. आता मुरूम उघडा आहे, खडे टोचतात, कुणी तक्रार करत नाही. पाड्यातल्या बायका मोहाखाली चारही बाजू झाडतात. फेरी सुरू करण्याआधी वंदनाताई वाकून तळहात जमिनीला लावते आणि थोडा वेळ तसाच ठेवते. तिच्या उजव्या पायाच्या तळव्याला आता ऊन-थंडी कळत नाही, म्हणून हात. तो उचलेपर्यंत कुणी पाऊल टाकत नाही.

"थंड हाय का?" पलीकडून हिराबाई विचारते.

"थंड हाय."

मग खराटा पुन्हा सुरू होतो.

यंदा चालणाऱ्यांत नवी माणसं आहेत. रस्त्यालगत बंगले झाले, त्यांतली. बरी आहेत, वेळेवर येतात, पाड्यातल्या मुलांना बिस्किटं आणतात. कल्याणहून आलेले एक निवृत्त शिक्षक मनापासून चालतात. त्यांचेही गुडघे दुखतात. काल सकाळी फेरी सुरू होण्याआधी त्यांनी बुटाच्या टोकाने मुरूम उकरून पाहिला.

"एवढी छान जागा आहे," ते म्हणाले, "पण इथे काहीतरी मऊ अंथरायला हवं, नाही का? वखारीत लाकडाचा भुसा पडून असतो. मी बोलतो त्यांच्याशी. पैसेही लागणार नाहीत."

जनार्दनकाका आपल्या चपलांकडे बघत राहिले. हा माणूस वाईट काही बोललेला नव्हता. वर झाडांत एक पान सुटलं, एका फांदीला आपटलं, दुसरीला आपटलं.

वंदनाताई वाकली आणि तिने तळहात जमिनीला लावला. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

पलीकडून प्रश्न आला नाही. खराट्याचा आवाज भुशाचं नाव निघालं तेव्हाच थांबला होता. हिराबाई रेषेच्या मधोमध उभी होती, आणि तिच्या मागे, झाडून स्वच्छ केलेल्या मुरमावर, पानं पडत होती.